तो पुन्हा हाक मारतो

आजचं वाचन : १ शमुवेल ३:१-२१



शमुवेलाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी संडे स्कूलमध्येच ऐकलेली असते. तिथल्या भिंतीवरचं चित्रही आठवत असेल : एक लहान मुलगा, गुडघे टेकलेले, हात जोडलेले, वरून येणारा पिवळा उजेड. पण आज हा अध्याय सावकाश वाचा. त्यात मुलगा प्रार्थना करत नाहीये. तो झोपला आहे. देवाचा दिवा अजून विझलेला नाही, म्हातारा एली आपल्या जागी आडवा झालाय, त्याला धड दिसतही नाही. अशा अर्ध्या अंधारात परमेश्वर हाक मारतो. आणि पुढे काय होतं? मुलगा उठतो आणि भलत्याच माणसाकडे धावत जातो.

एकदा नाही, तीनदा.

आज आपण याच गोष्टीवर मनन करू या. देव आपल्या संदेष्ट्यांना कसा बोलावतो, त्यांच्याशी कसा बोलतो, आणि आपण त्यातून काय घ्यायचं? मला या अध्यायातून जे मिळालं ते आधीच सांगून टाकते : देवाची हाक ओळखायला देव स्वतः वेळ देतो. एकदा कळलं नाही तर तो पुन्हा हाक मारतो.

चार हाका

पहिल्या वचनात लेखक सांगतो की त्या दिवसांत परमेश्वराचं वचन दुर्मीळ झालं होतं. लोकांना सवयच राहिली नव्हती. आणि सातव्या वचनात तो शमुवेलाची बाजू घेतो : या मुलाला परमेश्वराची ओळख अजून झालेली नव्हती. म्हणजे तो हट्टी नव्हता, पापात बुडालेला नव्हता, झोपेत आळस करत नव्हता. उलट, हाक आली की तो लगेच उठत होता. फक्त तो आवाज कोणाचा, हे त्याला माहीत नव्हतं.

आता देवाकडे बघा. पहिल्यांदा मुलगा चुकला, तेव्हा देव रागावला नाही. दुसऱ्यांदा चुकला, तरी त्याने दुसरा मुलगा शोधला नाही. तिसऱ्यांदाही तेच झालं. चौथ्या वेळी तर वचन दहामध्ये असं वर्णन आहे की परमेश्वर आला, उभा राहिला आणि आधीसारखीच हाक मारली. तीच हाक, तेच नाव. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही.

आणखी एक. शमुवेलाला तो आवाज एकट्याने ओळखता आला नाही. त्याला एली लागला. एलीचं स्वतःचं घर बिघडलेलं होतं, नजर गेलेली होती, तरी या मुलाला कोण बोलावतंय हे त्याच्या लक्षात आलं आणि पुढच्या वेळी काय उत्तर द्यायचं हेही त्याने शिकवलं. देवाला एलीशिवाय काम करता आलं नसतं असं नाही. पण त्याने तसं केलं नाही. एका मुलाची हाक ओळखायला त्याने एक थकलेला म्हातारा सोबत दिला.

फाट्यावरचा प्रश्न

हे सगळं मी आज का लिहितेय? नाताळाच्या सुट्टीत मी गावाकडे गेले होते. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, देवगाव फाट्यावरून आत. फाटा म्हणजे तुम्हाला माहीतच आहे : एक रस्ता जिंतूरकडे, एक मंठ्यावरून जालन्याकडे, एक सेलूकडे. चहाच्या टपऱ्या, एसटीची वाट बघणारी माणसं, आणि काळीपिवळीवाल्यांचा आरडाओरडा. मी पुण्याला परत निघाले होते, माझी मावसबहीण मला सोडायला आली होती.

ती जीएनएम झालेली आहे, संभाजीनगरला एका खासगी दवाखान्यात नोकरी करते. तिला आखातात नर्स म्हणून जायचंय. त्यात गैर काहीच नाही. घरावर कर्ज आहे, धाकटा भाऊ शिकतोय. महिनाभरापूर्वी तिने रात्रपाळीत मोबाईलवर एका प्रचारकाची लाइव्ह सभा बघितली. त्यात तो म्हणाला की 'स' अक्षराने नाव सुरू होणारी एक मुलगी आत्ता बघतेय, तीन महिन्यांत तिच्यासाठी परदेशाचं दार उघडणार आहे, तिने जुनं दार बंद करावं आणि विश्वासाचं बी पेरावं. हिचं नाव 'स' वरूनच. हिने अकरा हजार रुपये पाठवले. आणि राजीनामा मोबाईलमध्ये टाइप करून ठेवला.

फाट्यावर तिने मला तो दाखवला. नोटीस पिरियडची तारीखसुद्धा घातली होती. मग मला म्हणाली, "ताई, मला एवढंच सांग. देव खरंच बोलला असंल अन् मीच ऐकलं नाही तर? मंग तो परत बोलंल का?"

बाजूला एक काळीपिवळीवाला ओरडत होता, "चला चला, दोनच सीट, लगेच निघाली!" आम्ही तिथे उभ्या होतो त्या वीसेक मिनिटांत ती गाडी हलली नव्हती.

मी तिला तेव्हा थोडक्यात उत्तर दिलं. हे मनन म्हणजे तेच उत्तर, नीट, वचनांसकट. कारण मला माहीत आहे, हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. तुमच्यापैकी किती जणांनी मला हेच वेगळ्या शब्दांत विचारलंय. कोणाला लग्नाबद्दल 'वचन' मिळालंय, कोणाला नोकरी सोडण्याबद्दल. आणि प्रत्येकाच्या मनात तीच भीती : संधी एकच आहे, मी हुकवली तर संपलं.

आवाज संदेष्ट्याच्या मालकीचा नसतो

बायबलमधल्या खऱ्या संदेष्ट्यांकडे बघितलं की एक गोष्ट ठळक दिसते. देवाचा आवाज त्यांच्या खिशात नव्हता. नळ सोडावा तसं पाणी येत नव्हतं.

२ शमुवेल ७ काढा. दावीद राजा नाथान संदेष्ट्याला सांगतो की मी गंधसरूच्या घरात राहतो आणि देवाचा कोश तंबूत आहे. नाथानाला कळतं की राजाच्या मनात मंदिर बांधायचं आहे. तो तिथल्या तिथे होकार देतो, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे असंही म्हणतो. चांगला हेतू, चांगला राजा, खरा संदेष्टा. आणि त्याच रात्री देव नाथानाला सांगतो की दावीद मंदिर बांधणार नाही, त्याचा मुलगा बांधेल. सकाळी नाथान राजाकडे परत जातो आणि हे सगळं जसंच्या तसं सांगतो. विचार करा : राजासमोर काल दिलेला होकार आज मागे घ्यायचा! पण नाथानाने आपलं मत आणि देवाचं वचन यांच्यात फरक केला, आणि फरक कळल्यावर तो लपवला नाही.

आता यिर्मया ४२. यरुशलेमाचा नाश झालाय. उरलेले लोक घाबरलेत, त्यांना मिसरला पळून जायचंय. ते यिर्मयाला विनंती करतात की देवाला विचार, आम्ही काय करावं. यिर्मया प्रार्थना करतो म्हणतो. आणि मग? सातव्या वचनात लिहिलंय की दहा दिवसांनी परमेश्वराचं वचन यिर्मयाकडे आलं. दहा दिवस! लोक दाराशी उभे आहेत, बाबेलच्या सैन्याची भीती आहे, आणि ज्याने आयुष्यभर देवाचा आवाज ऐकलाय तो यिर्मया गप्प आहे. कारण अजून वचन आलेलं नाही. त्याला काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. त्याने तसं केलं नाही.

याच यिर्मयाच्या पुस्तकात, अठ्ठाविसाव्या अध्यायात, दुसरा एक माणूस आहे : हनन्या. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमातले पुष्कळ लोक कैद करून नेले होते. प्रत्येक घरातून कोणी ना कोणी गेलेलं. अशा लोकांपुढे, मंदिरात उभा राहून हनन्या सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येणार. मुदतीसकट! लोकांना किती बरं वाटलं असेल. आणि यिर्मया काय करतो? तो आधी आमेन म्हणतो. तसंच होवो अशी त्याची स्वतःचीही इच्छा आहे. पण तो आठवण देतो की शांतीचं भाकीत करणारा संदेष्टा देवाने पाठवलाय की नाही, हे त्याचं भाकीत खरं ठरल्यावरच कळतं. मग हनन्या यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडतो, आणि यिर्मया काही न बोलता तिथून निघून जातो. देवाचं उत्तर त्याला नंतर मिळतं.

पुढच्याच अध्यायात यिर्मया त्या कैदी लोकांना पत्र लिहितो. त्याची मुदत दोन वर्षांची नाही, सत्तर वर्षांची आहे. आणि तोवर काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. दार उघडेपर्यंत जिथे आहात तिथे मुळं धरा. हे पत्र वाचून अनेकांचं मन मोडलं असेल. पण हनन्याच्या शब्दांवर विसंबून ज्यांनी सामान बांधून ठेवलं असेल, त्यांची दोन वर्षं कशी गेली असतील याचाही विचार करा.

देव कामाच्या जागी बोलतो

दुसरी गोष्ट. संदेष्ट्यांना हाक बहुतेक वेळा कुठे आली? मोशे सासऱ्याची मेंढरं चारत होता (निर्गम ३). गिदोन द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता (शास्ते ६). अलीशा बारा जोड्यांच्या नांगरटीत बाराव्या जोडीमागे होता (१ राजे १९). आमोस तर स्पष्ट सांगतो की तो संदेष्ट्यांच्या घराण्यातला नाही, मेंढपाळ आहे आणि उंबराच्या झाडांची निगा राखतो (आमोस ७). यांच्यापैकी कोणीही हाक ऐकू यावी म्हणून काम सोडून बसलेलं नव्हतं. काही जणांनी नंतर काम सोडलं, हे खरं. पण हाक आली ती हातात काम असताना.

आणि देव बोलला तोसुद्धा पुष्कळदा साध्या गोष्टींमधून. यिर्मयाला पहिल्याच अध्यायात बदामाची फांदी दिसते. इब्री भाषेत बदाम आणि 'जागा राहून लक्ष ठेवणारा' हे शब्द सारखे ऐकू येतात, आणि देव त्यावरून त्याला सांगतो की मी माझ्या वचनावर लक्ष ठेवून आहे. अठराव्या अध्यायात देव त्याला कुंभाराच्या घरी पाठवतो. चाकावरचं मडकं बिघडतं, कुंभार त्याच मातीचं दुसरं घडवतो, आणि यिर्मयाला संदेश मिळतो. देवगाव फाट्याच्या आसपासच्या कुठल्याही गावात हे दृश्य आजही दिसू शकतं. फरक एवढाच की आपण चाक बघतो आणि पुढे जातो.

एलीयाचं उदाहरण तर प्रत्येक थकलेल्या माणसाने वाचावं (१ राजे १९). तो इतका खचलाय की मरण मागतोय. देव त्याला आधी झोपू देतो. मग दूताकडून भाकर आणि पाणी देतो. पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. उपदेश एका शब्दाचाही नाही! होरेब डोंगरावर वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो; देव त्या कशातच नाही. मग एक अगदी मंद, शांत आवाज. आणि तुमच्या लक्षात आलंय का, देव तिथे एलीयाला एकच प्रश्न दोनदा विचारतो : तू इथे काय करतोस? एलीया दोन्ही वेळा तेच उत्तर देतो, तीच तक्रार. देव ऐकून घेतो आणि मग पुढचं काम सांगतो.

पुन्हा. हा शब्द संदेष्ट्यांच्या गोष्टींत सारखा भेटतो. मोशेला त्याचं नाव दोनदा घेऊन हाक येते आणि नंतर तो एकामागून एक सबबी सांगतो, देव प्रत्येकाला उत्तर देतो. योना तर हाक ओळखून, समजून, मुद्दाम उलट्या दिशेच्या जहाजात बसतो. तरी तिसऱ्या अध्यायाची सुरुवात कशी आहे? परमेश्वराचं वचन योनाकडे दुसऱ्यांदा आलं. जो पळून गेला त्यालाही दुसरी हाक मिळाली. मग जी मुलगी रात्रपाळी करून, डोळे चोळत, खरंच विचारतेय की देवा, हा तू आहेस का, तिला तो एकदाच बोलावून निघून जाईल?

मग लगेच आज्ञा पाळण्याचं काय?

इथे कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवं : पेत्र आणि अंद्रिया यांनी तर जाळी तिथेच टाकली ना (मार्क १:१८)? यशयाने तर स्वतःहून मला पाठव म्हटलं (यशया ६). तिथे कुठे दहा दिवस?

बरोबर आहे. आवाज ओळखला की उशीर करायचा नाही. पण ओळखण्याचा वेळ वेगळा आणि पाळण्याचा वेळ वेगळा. योहान १ वाचलंत तर दिसेल की पेत्र येशूला आधी भेटलेला होता. त्याचा भाऊ अंद्रिया त्याला घेऊन गेला होता. समुद्रकिनाऱ्यावरची हाक अनोळखी माणसाची नव्हती. शमुवेलाचंही तसंच. ओळख पटेपर्यंत तीन फेऱ्या झाल्या. पटल्यावर मात्र त्याने त्याच रात्री ऐकलं. आणि ऐकलेलं सोपं नव्हतं. ज्या एलीने त्याला शिकवलं, त्याच्याच घराचा न्याय होणार हा संदेश होता.

त्यानंतरचं पंधरावं वचन मला फार आवडतं. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला आणि मग त्याने परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडली. आदल्या रात्री देव त्याच्याशी बोलला होता! आणि सकाळी त्याने रोजचं काम केलं. त्याने कोणाला गोळा केलं नाही. एलीला सांगायचीही त्याला भीती वाटत होती. एलीने विचारलं तेव्हा त्याने काही न लपवता सांगितलं. तो संदेष्टा आहे हे दानपासून बैरशेब्यापर्यंत लोकांना नंतर कळलं. त्याने स्वतः जाहीर केलं नाही.

आपल्या महाराष्ट्रात

हे सगळं फार जुनं, फार लांबचं वाटतंय? मग आपल्या मराठी मंडळीतली दोन माणसं बघा. ही बायबलमधल्या अर्थाने संदेष्टे नव्हती, पण हाक कशी येते आणि ओळखायला किती काळ लागतो, हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं.

नारायण वामन टिळक. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. बोलणं झालं, त्याने टिळकांना नवा करार दिला, वाचायचं वचन घेतलं आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं म्हणाला. टिळकांना त्याचं नावही कधी कळलं नाही. हीसुद्धा मुदतीची भाकीतवाणीच होती, बरं का! पण फरक बघा. त्या माणसाने काही मागितलं नाही. त्याने टिळकांच्या हातात पुस्तक दिलं आणि तो बाजूला झाला. टिळकांनी शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतलं आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. ज्याने त्यांना खेचलं तो त्या प्रवाशाचा आवाज नव्हता, प्रभूचा होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि लक्ष्मीबाई? त्यांना त्या दिवशी काहीच ऐकू आलेलं नव्हतं. त्यांच्या वाट्याला आला तो विरह, लोकांचं बोलणं आणि लहान मुलाची काळजी. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना हे ठाऊक आहे. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. नवऱ्याने घेतला म्हणून त्यांनी घेतला नाही. स्वतःच्या मनाला पटायला त्यांना पाच वर्षं लागली. एकाच घरात दोन हाका, आणि दोघांची वेळ वेगळी. एकाची हाक ऐकून दुसऱ्याने धावायचं नसतं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. जन्म १८५८. दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले, १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्या साक्षीत त्या प्रांजळपणे सांगतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः भेटायला त्यानंतर आठेक वर्षं जावी लागली. या मधल्या काळात त्या बसून राहिल्या नाहीत. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यातून पुणे-सोलापूर रेल्वेवरच्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. उपासमार त्यांनी स्वतः भोगली होती; त्या मुलींच्या चेहऱ्यात त्यांना आपलाच भूतकाळ दिसत होता. देव त्यांच्याशी कुठे बोलला म्हणाल तर मला वाटतं, तिथेच.

आणि मग त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं, गावाकडच्या साध्या बाईलाही कळावं म्हणून. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला त्याच मुली होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोपर्यंत हे काम चालू होतं. देवाचा आवाज आपल्या एकटीकडे राहावा असं त्यांना वाटलं नाही. प्रत्येकीने तो स्वतः वाचावा, स्वतः पारखावा, यासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं दिली.

पारखायचं कसं?

पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो की संदेशांचा धिक्कार करू नका, पण सगळ्याची पारख करा, चांगलं ते धरा (१ थेस्स. ५:२०-२१). करिंथच्या मंडळीला तो सांगतो की दोघातिघांनी संदेश द्यावा आणि बाकीच्यांनी त्याची पारख करावी (१ करिंथ १४:२९). पारख करणं म्हणजे अविश्वास नाही. ती मंडळीला दिलेली जबाबदारी आहे. कोणी तुम्हाला 'देव तुझ्याबद्दल असं म्हणतो' असं सांगितलं, तर हे चार प्रश्न विचारा.

१. हा आवाज मला नावाने ओळखतो का? देव शमुवेलाला शमुवेल म्हणाला. मोशेला मोशे. तो एखादं अक्षर टाकून गर्दीत कोण हात वर करतं ते बघत नाही. हजारो लोक बघत असताना 'स' वरून नाव असलेल्या मुली किती असतील?

२. यात पैसा कुठे आहे? नामानाचं कोड बरं झालं तेव्हा अलीशाने एक वस्त्रसुद्धा घेतलं नाही; मागे धावून गेला तो गेहजी (२ राजे ५). मीखा ३ मध्ये तर देव अशा संदेष्ट्यांवर संतापतो, जे खायला मिळालं की शांती सांगतात आणि न देणाऱ्याशी युद्ध पुकारतात.

३. हे वचनाशी जुळतं का, आणि मला प्रभूच्या जवळ नेतं का? अनुवाद १३ सांगतं की एखादं चिन्ह खरं ठरलं तरी ते देवापासून दूर नेत असेल तर ऐकू नका. अनुवाद १८ सांगतं की जे घडलंच नाही ते देवाने सांगितलेलं नव्हतं; त्या माणसाची भीती बाळगू नका.

४. माझा एली कोण आहे? पाळक, आई, मोठी ताई, प्रार्थनागटातली एखादी आजी. जो आवाज म्हणतो की हे कोणाला सांगू नकोस, लोक तुझा विश्वास मोडतील, त्याच्यापासून सावध राहा. देवाने शमुवेलाला एलीकडे जाण्यापासून अडवलं नाही.

माझ्या मावसबहिणीने काय केलं, हे सांगायला तिने परवानगी दिली आहे. तिने राजीनामा पाठवला नाही. दहा दिवस थांबायचं ठरवलं, यिर्मयाचे दहा दिवस. तेवढ्यात तिने तो मावशीला दाखवला, गावच्या पाळकांना दाखवला, आणि आखातात काम करून आलेल्या एका सीनियर सिस्टरला फोन केला. सिस्टरने पहिलाच प्रश्न विचारला : अनुभवाचं पत्र आहे का? ते नसेल तर अर्जच पुढे जात नाही. म्हणजे 'जुनं दार बंद कर' हे तिने ऐकलं असतं, तर ज्या दाराची ती वाट बघतेय तेच बंद झालं असतं. अकरा हजार गेले ते गेले. ती सध्या ड्यूटीवर आहे, परीक्षेचा अभ्यास करतेय आणि आखातात जायची प्रार्थनाही करतेय. देव नाही म्हणाला असं मी म्हणणार नाही, हो म्हणाला असंही नाही. मला माहीत नाही. पण परवा तिने मेसेज केला की वॉर्डात एका आजींजवळ रात्रभर बसले, खूप दिवसांनी मनापासून प्रार्थना झाली.

भावंडांनो, इब्री लोकांस पत्राची सुरुवात सांगते की देव पूर्वी संदेष्ट्यांद्वारे नाना प्रकारे बोलला आणि शेवटी आपल्या पुत्राद्वारे बोलला. म्हणून आपण आवाजाच्या शोधात घाबरत फिरणारे अनाथ नाही. त्याचं वचन आपल्या हातात आहे, आपल्या मराठीत आहे. आज एखादा निर्णय तुमच्यासमोर असेल आणि काहीच ऐकू येत नसेल, तर रोजचं दार उघडा, रोजचं काम करा, आणि कान उघडे ठेवा. ज्याला तुम्हाला बोलवायचं आहे त्याला तुमचं नाव माहीत आहे.

मननासाठी

- मी सध्या कोणत्या निर्णयात घाई करतोय किंवा करतेय? ती घाई कोणाची आहे?
- माझ्या आयुष्यातला एली कोण? मी त्यांच्याशी शेवटचं कधी बोललो किंवा बोलले?
- या आठवड्यात १ राजे १९ आणि यिर्मया २८-२९ वाचा.

प्रार्थना

हे परमेश्वर बापा, तू आम्हाला नावाने ओळखतोस म्हणून तुझे आभार. आमच्याभोवती आवाज फार आहेत आणि आम्ही लवकर घाबरतो. आम्हाला थांबायला शिकव. तुझी हाक पारखायला सोबतीला माणसं दे, आणि ती ओळखल्यावर उठायचं बळ दे. ज्यांची तुझ्या नावाने फसवणूक झाली त्यांचं मन सांभाळ, त्यांना तुझ्यापासून दूर जाऊ देऊ नकोस. आमच्या हातातलं आजचं काम विश्वासूपणे करायला मदत कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.